हॉर्निमन सर्कल : एका चौकाचा अभ्यास

शहराचा इतिहास केवळ ग्रंथांतच असतो असें नाहीं. तो चौकांतील दगडांवर व नांवांच्या पाट्यांवरहि वाचतां येतो. मुंबईच्या कोट विभागांतील हॉर्निमन सर्कल हें याचें उत्तम उदाहरण होय.

आज जेथें वर्तुळाकार बाग आहे, तेथें पूर्वीं उघडें मैदान होतें. त्यास इंग्रज लोक ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. कापसाच्या गांठी येथेंच रचीत. मैदानाच्या पश्चिमेस सेंट थॉमस यांचें उपासनामंदिर आहे. त्याचा पाया इ. स. १६७६ च्या सुमारास घातला गेला. परंतु काम सुमारें चाळीस वर्षें रखडलें व अखेर १७१८ च्या नाताळच्या दिवशीं तें उपासनेसाठीं खुलें झालें. या मंदिराकडे नेणारी कोटाची वेस तीच चर्चगेट. वेस गेली, नांव मात्र राहिलें.

पूर्वेस १८३३ सालीं पूर्ण झालेला टाउन हॉल आहे. त्याच्या तीस पायऱ्या चढून गेल्यावर एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय लागतें. याच इमारतीसमोरील वडांखालीं १८५० नंतर कांहीं दलाल शेअरांचे सौदे करीत. १८७५ सालीं स्थापन झालेल्या शेअरबाजाराचें मूळ तें हेंच.

पुढें मैदानाचा उकिरडा झाला. तेव्हां पोलीस कमिशनर चार्ल्स फॉर्जेट यांनीं तेथें बाग करून भोंवतीं एकसारख्या इमारती बांधण्याची योजना मांडली, व १८७२ पर्यंत ती पूर्णत्वास गेली. चौकास गव्हर्नर लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन यांचें नांव मिळालें. शिक्षणाचे पुरस्कर्ते मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ते हे नव्हेत, हें ध्यानांत ठेवावें.

स्वातंत्र्यानंतर तें नांव बदललें. परंतु नवें नांवहि इंग्रजाचेंच आहे! बेंजामिन हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’ पत्राचे संपादक. रौलट कायद्याविरुद्ध त्यांनीं निर्भयपणें लेखणी चालविली, म्हणून १९१९ सालीं त्यांच्याच देशबांधवांच्या सरकारनें त्यांस हद्दपार केलें. ते १९२६ सालीं परत आले व १९४८ सालीं मुंबईंतच निवर्तले.

गव्हर्नराच्या नांवामागें सत्ता होती, संपादकाच्या नांवामागें केवळ सत्यनिष्ठा. स्वतंत्र झालेल्या नगरानें मनुष्याची जात वा देश न पाहतां त्याची करणी पाहिली. पालकांनीं मुलांस हा चौक अवश्य दाखवावा, व मुलांनीं आपल्या गांवच्या प्रत्येक रस्त्याचें नांव कोणाचें व कां, हें विचारण्याची संवय लावून घ्यावी.