पिधानाला निघण्यापूर्वी ऐकून ठेव

नेपच्यूनपलीकडच्या एखाद्या पिंडाचं पिधान, म्हणजे त्यानं तारा झाकण्याचा क्षण, टिपायला निघालीस ना पोरी, मग दुर्बीण केवढी आहे याची काळजी आधी सोड. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतरच येतात. त्यामुळे 200 किलोमीटरच्या पिंडाची सावलीही जमिनीवर तेवढीच पडते आणि सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगानं निघून जाते. तिच्या वाटेत उभं राहायचं आणि वेळ चोख लावायची, सगळी मदार एवढ्यावरच.

भाकिताचा नकाशा हातात आला तरी त्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नकोस. प्लूटोएवढ्या अंतरावर कोनीय सेकंदाच्या हजाराव्या भागाची चूक म्हणजे सावली पंचवीस किलोमीटर बाजूला. गाया यानाच्या सूचीमुळे ताऱ्यांच्या जागा भक्कम झाल्या आहेत, पण त्या दिलेल्या आहेत 2016 सालच्या. ताऱ्याची स्वतःची गती आजपर्यंत मोजून धरली आहे ना, ते बघ. जोडतारा असेल तर सूचीतली जागाही फसवते. पिंडाची कक्षा तर त्याहून कच्ची असते, म्हणून शेवटच्या आठवड्यात सुधारित भाकीत आलं का ते रोज तपास. नकाशावर मध्यरेषेसोबत अनिश्चिततेच्या रेषाही काढून ठेव.

आणि सगळ्यांनी मध्यरेषेवर गर्दी करू नका. वाटेच्या लांबीत दहा जण उभे राहिले तर दहाही जणांना पिंडाच्या आकृतीची एकच जीवा मिळते. वाटेला आडवं पसरलं तरच पिंडाचा आकार हाती येतो. नेपच्यूनपलीकडच्याच अ‍ॅरोकॉथ या पिंडाचं बघ. 3 जून 2017 ला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिकेत दुर्बिणी लावल्या होत्या, तारा झाकलेला कुणालाच दिसला नाही. 17 जुलैला अर्जेंटिनाच्या चुबुत प्रांतात चोवीस दुर्बिणी पसरून लावल्या. गावातले रस्त्यावरचे दिवे मालवले, महामार्ग दोन तास बंद ठेवला, वाऱ्याला आडोसा म्हणून लोकांनी ट्रक आणून उभे केले. पाच दुर्बिणींत तारा क्षणभर गेला. तेवढ्यावरून पिंड लांबट किंवा दुहेरी असावा असं कळलं, आणि 1 जानेवारी 2019 ला न्यू होरायझन्स यान जवळून गेलं तेव्हा खरोखरच दोन भाग एकमेकांना चिकटलेले दिसले. गावकऱ्यांची ती साथ मला त्या दुर्बिणींइतकीच मोलाची वाटते.

आता वेळेचं. लॅपटॉपच्या घड्याळावर विसंबू नकोस, प्रत्येक फ्रेमवर जीपीएसची वेळ उमटली पाहिजे. जीपीएस चालू करून किमान पंधरा मिनिटं उघड्या आकाशाखाली राहू दे. त्याची वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांत सध्या 18 सेकंदांचा फरक आहे, आणि त्या दुरुस्तीची माहिती उपग्रहाकडून पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागू शकतात. एक्स्पोजर अर्ध्या सेकंदाचं ठेवलंस तर सावली तेवढ्यात दहा किलोमीटर पुढे गेलेली असते. तारा नीट दिसेल तितपतच एक्स्पोजर ठेव आणि कॅमेऱ्याचा गेन आपोआप बदलणार नाही याची खात्री कर. तारा ओळखून ठेवायला दोन तास आधी पोच. दवानं भिंग धुरकटतं, हीटरची बॅटरी वेगळी घे.

रेकॉर्डिंग मात्र आखडू नकोस, ठरल्या वेळेच्या आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवच. नेपच्यूनपलीकडच्या क्वावारचं बाहेरचं कडं पिंडाच्या केंद्रापासून चार हजारांहून अधिक किलोमीटरवर आहे. नुसत्या पिधानाच्या घटकेपुरतं रेकॉर्डिंग केलं असतं तर ते निसटलंच असतं. 10 मार्च 1977 ला युरेनसची कडी सापडली ती अशाच आधी-नंतरच्या नोंदींतून. त्या रात्री तमिळनाडूत कावलूरच्या एक मीटर दुर्बिणीवर भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही ताऱ्याचा उजेड मंदावलेला नोंदवला होता. आपल्याकडून हे काम होतं. 6 जून 2020 ला उत्तराखंडातल्या देवस्थळवरून प्लूटोचं पिधान टिपलं, त्यातून त्याच्या वातावरणाचा दाब मोजता आला.

तारा गेलाच नाही, तरी नोंद पाठव. तुझ्या जागेवर सावली नव्हती, हे कळल्यावरच पिंडाची कड कुठे संपते ते ठरतं. ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, उंची, एक्स्पोजर, आकाश कसं होतं, सगळं त्याच रात्री लिही आणि मूळ फाइल जपून ठेव. ढगांनी घात केला असेल तर तेही तसंच कळव.