होतकरू खेळाडूंचा रोजचा हिशेब

झाडाला लागलेलें फळ सर्वांस दिसतें. रोपाला रोज पाणी घालणारे हात फारसे कोणास दिसत नाहींत. खेळांच्या जगांतही असेंच आहे. अमेरिकेंत बेसबॉल ह्या खेळाचे तीस मोठे क्लब आहेत व त्यांच्या नांवाचा डंका सर्वत्र वाजतो. परंतु ह्या प्रत्येक क्लबाच्या पदरीं लहान लहान शहरीं खेळणारे कनिष्ठ संघ असतात, त्यांची वार्ता दूरच्या लोकांस क्वचितच कळते. ह्या संघांचें रोजचें वृत्त कसें वाचावें, आणि त्यावरून तरुण खेळाडूंची पारख कितपत करतां येते, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों. उदाहरणासाठीं मुख्यतः सेंट लुईस येथील कार्डिनल्स हा क्लब घेतों. कारण ही पद्धत तेथेंच रुजली व वाढली.

१९१७ सालीं ब्रँच रिकी हे गृहस्थ ह्या क्लबाचा कारभार पाहूं लागले. क्लबाची स्थिति बेताची होती. त्या काळीं लहान शहरांतील बहुतेक संघ स्वतंत्र असत. ते एखादा मुलगा तयार करीत आणि जो अधिक किंमत देईल त्याच्या हवालीं करीत. अशा लिलावांत धनवान क्लबांपुढें सेंट लुईसचा टिकाव लागेना. तेव्हां रिकी यांनीं विचार केला कीं, बाजारांतून धान्य घेण्याची ऐपत नसेल, तर आपलें शेत आपणच कसावें. त्यांनीं फोर्ट स्मिथ, ह्यूस्टन, सिरॅक्यूज इत्यादि ठिकाणच्या संघांत मालकीचा वांटा घेतला व होतकरू मुलांस तेथें वाढविण्यास आरंभ केला. ह्या व्यवस्थेस लोक 'फार्म', म्हणजे शेत, असेंच म्हणूं लागले. १९२६ मध्यें कार्डिनल्सनीं प्रथमच 'वर्ल्ड सीरीज' जिंकली. १९४० च्या सुमारास त्यांच्या हाताखालीं तिसांहून अधिक संघ होते. पुढें इतर सर्व क्लबांनीं हीच वाट धरली.

आज हा पसारा आटोपशीर झाला आहे. २०२१ पासून प्रत्येक मोठ्या क्लबास चार मुख्य कनिष्ठ संघ ठेवतां येतात. आमच्या शाळांतील इयत्तांप्रमाणें त्यांच्या चार पायऱ्या आहेत: खालून 'सिंगल ए', 'हाय ए', 'डबल ए' आणि 'ट्रिपल ए'. सेंट लुईसच्या मुलानें पाम बीच येथून निघावें, पिओरिया व स्प्रिंगफील्ड येथें पुढील दोन इयत्ता काढाव्या, आणि मेम्फिस येथें शेवटची कसोटी द्यावी, असा क्रम आहे. अगदीं नवशिक्यांसाठीं ह्यांच्याही खालीं आणखी वर्ग आहेत. वरच्या चार पायऱ्यांवर प्रत्येक संघ वर्षाकांठीं सुमारें १३० ते १५० सामने खेळतो. सोमवार बहुधा विश्रांतीचा. बाकी दररोज रात्रीं चार शहरांतून चार वृत्तें येतात, आणि क्लबाचे भक्त सकाळीं तीं मोठ्या उत्सुकतेनें वाचतात.

ह्या वृत्तांत असतें काय? फलंदाजास किती संधि मिळाल्या व त्यांत त्यानें किती 'हिट' मारल्या, म्हणजे चेंडू टोलवून तो किती वेळां सुखरूप तळ गांठूं शकला. 'पिचर', म्हणजे चेंडू फेकणारा, यानें किती डाव खेळून काढले व किती जणांस चकविलें. कोणास वरच्या पायरीवर चढविलें, कोणास दुखापत झाली. सगळे आंकडे स्पष्ट व नीटनेटके. त्यामुळेंच वाचणाऱ्यास वाटतें कीं, आपणांस मुलगा कळला.

येथें थोडें गणित करावें. शंभर संधींत २५ हिट मारणारा फलंदाज साधारण समजला जातो. ३० मारणारा उत्तम समजला जातो. दोघांत अंतर काय? शंभरांत पांचांचें, म्हणजे वीस संधींत एका हिटचें. एका सामन्यांत फलंदाजास सुमारें चार संधि मिळतात. ह्याचा अर्थ असा कीं, साधारण आणि उत्तम यांतला फरक पांच दिवसांत एकदांच प्रगट होतो! चार दिवस दोघांचे आंकडे अगदीं सारखेही असूं शकतील. एखाद्या दिवशीं साधारणच पुढें दिसेल. आपल्याकडे 'शितावरून भाताची परीक्षा' म्हणतात, आणि भाताच्या बाबतींत तें खरें आहे. कारण एका भांड्यांतलीं सर्व शितें एकाच आंचेवर शिजलेलीं असतात. माणसाचे दिवस तसे नसतात. एका दिवशीं मनगट दुखतें, एका दिवशीं समोर असामान्य पिचर उभा राहतो, एका दिवशीं वारा चेंडूस कुंपणापार नेतो.

मायकेल जॉर्डन यांचा दाखला घ्या. बास्केटबॉलमध्यें जगांत अजोड ठरलेला हा पुरुष १९९४ मध्यें बर्मिंगहॅम येथील डबल ए संघांत बेसबॉल खेळूं लागला. आरंभींच त्यानें सलग १३ सामन्यांत निदान एक एक हिट मारली. तेवढेंच वृत्त वाचणारा म्हणाला असता कीं, हें अंग ज्या खेळास लागेल तो खेळ जिंकील. परंतु पिचरांनीं लवकरच त्याचें मर्म ओळखलें. १२७ सामने संपले तेव्हां हजार संधींमागें २०२ हिट एवढेंच त्याचें प्रमाण उरलें होतें. तेरा दिवस खोटे नव्हते; ते थोडे होते.

ह्याच्या उलट स्टॅन म्युझियल यांची कथा आहे. पेनसिल्व्हेनियांतील डोनोरा ह्या गांवचा हा मुलगा १९३८ सालीं कार्डिनल्सच्या अगदीं खालच्या वर्गांत, विल्यमसन येथें, महिना ६५ डॉलरांवर पिचर म्हणून लागला. पहिल्या वर्षीं त्याच्या नांवावर सहा जय व सहा पराजय लागले. अशा मुलाविषयीं कोण काय लिहील? दोन वर्षांनीं डेटोना बीच येथें तो चांगली पिचिंग करूं लागला होता. फलंदाजी बरी म्हणून त्यास मधून मधून मैदानावरही ठेवीत. तेथें एक झेल घेतांना तो खांद्यावर पडला आणि डावा हात पिचिंगच्या कामांतून गेला. वय वर्षें एकोणीस. रोजच्या वृत्तांत ह्या प्रसंगास एक ओळ मिळाली असेल. पुढील वर्षीं, १९४१ मध्यें, तो निव्वळ फलंदाज म्हणून स्प्रिंगफील्ड येथें उतरला व हजारांत ३७९ ह्या प्रमाणानें खेळला. तेथून रॉचेस्टर, आणि सप्टेंबरांत थेट सेंट लुईस. कारकीर्दीच्या अखेरीस त्याच्या हिटांची संख्या ३६३० झाली व सात वेळां तो आपल्या लीगचा अव्वल फलंदाज ठरला. मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात म्हणतात. ह्या मुलाचे पाय दिसले, पण लोक त्याच्या हाताकडे पाहत होते.

मग रोजचें वृत्त वाचूंच नये काय? असें आम्ही म्हणत नाहीं. थेंबे थेंबे तळें सांचतें, आणि तळें थेंबांवांचून दुसऱ्या कशाचें होत नाहीं. शंभर दिवसांचे आंकडे एकत्र केले, खेळाडूचें वय व त्याची पायरी जमेस धरली, गेल्या महिन्यांत चुकत होतें तें ह्या महिन्यांत सुधारलें कीं नाहीं हें पाहिलें, म्हणजे खरी पारख होऊं लागते. एकोणीस वर्षांचा मुलगा तेवीस वर्षांच्या गड्यांत साधारण खेळत असेल, तर ती साधारण गोष्ट नव्हे. वृत्त तें, वाचणारा मात्र उतावळा नसावा.

ह्या शेताची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेतांतील रोप बोलत नाहीं. मुलगा बोलतो, त्यास पोट असतें, घर असतें. एकच क्लब इतके संघ बाळगी, तेव्हां एखाद्या चांगल्या खेळाडूस वर्षानुवर्षें खालींच अडकवून ठेवणें सोपें होतें. १९३८ मध्यें बेसबॉलचे सर्वाधिकारी न्यायाधीश लँडिस यांनीं अंतस्थ करारांचा ठपका ठेवून कार्डिनल्सच्या सत्तरांहून अधिक तरुणांस बंधनमुक्त केलें. वेतनाचा प्रश्न त्याहून चिवट निघाला. २०२२ पर्यंत ट्रिपल ए मधील खेळाडूसही किमान वार्षिक वेतन १७,५०० डॉलरच होतें. त्या वर्षीं खेळाडूंनीं संघटना केली, आणि २०२३ च्या करारानें तो आंकडा ३५,८०० वर गेला; सर्वांत खालच्या वर्गाचा ४,८०० वरून १९,८०० झाला. होतकरू म्हणून ज्याचें कौतुक करावयाचें, त्यास जेवावयासही पाहिजे, हें मान्य होण्यास शंभर वर्षें लागलीं.

कारण ह्या पायऱ्यांवरून चढणाऱ्यांतले बहुतेक शेवटपर्यंत पोंचत नाहींत. १८ एप्रिल १९८१ च्या रात्रीं पॉटकेट येथें त्या गांवच्या व रॉचेस्टरच्या ट्रिपल ए संघांचा सामना सुरू झाला. बरोबरी सुटेना. शनिवार संपून ईस्टरची पहाट झाली. चार वाजून सात मिनिटांनीं, ३२ डाव झाल्यावर, खेळ थांबविण्यांत आला. तेव्हां थंडींत १९ प्रेक्षक उरले होते. २३ जूनला सामना पुन्हां सुरू झाला आणि ३३ व्या डावांत, अवघ्या १८ मिनिटांत, डेव्ह कोझा यांच्या हिटनें पॉटकेट ३-२ असा विजयी झाला. बेसबॉलच्या व्यावसायिक इतिहासांतला हा सर्वांत दीर्घ सामना होय. त्यांत खेळलेले वेड बॉग्ज व कॅल रिपकेन पुढें फार मोठे झाले. ज्यानें सामना जिंकून दिला तो कोझा मात्र मोठ्या लीगमध्यें एकदांही खेळला नाहीं. तरी ती हिट खरी होती, ती त्याचीच होती, आणि तिच्यावांचून तो सामना संपला नसता.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही नांवापुढें रोज कांहीं आंकडे मांडले जातात. चाचणीचे गुण, हजेरीची खूण, वर्गांतील क्रमांक. ते खोटे नसतात. म्हणून त्यांची हेळसांड करूं नका. परंतु ते थोडे असतात. म्हणून एका वाईट दिवसावरून स्वतःस, किंवा आपल्या शेजारच्या बांकावरील सोबत्यास, निकालांत काढूं नका. आणि आम्हां शिक्षकांनींही हिशेबाची वही मिटतांना एवढें ध्यानांत ठेवावें कीं, जो वरच्या पायरीवर गेला त्याचेंच नव्हे, तर जो मधल्या पायरीवर मन लावून खेळला त्याचेंही आपण कांहीं देणें लागतों.