मुळावर उपाय

वाळवा तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या एका गावातली ही गोष्ट. माघ महिना होता. ऊसतोड चालू होती. एका घरी पाहुणे मुलगी बघून गेले. आठ दिवस झाले, तरी निरोप आला नाही. शेवटी शेजारीण सांगत आली, "पोरीच्या हनुवटीला केस हायत, म्हणून न्हाई म्हणत्यात."

आईने कपाळाला हात लावला. मुलगी काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिने शेतावर जाणे सोडले. बाजारही सोडला. घरातसुद्धा ती तोंडावर पदर धरून बसू लागली.

तिची आत्या माहेरी आली होती. तिने एके दिवशी तो पदर बाजूला केला. बघते तर काय! हनुवटी लाल झालेली. कातडी सोललेली. मुलीने बाजारातून कसलीशी पूड आणून लावली होती. चुना आणि हरताळ यांची ती पूड होती.

"वैनी, पोरीला दवाखान्यात न्हेते," आत्या म्हणाली.

"लोकं काय म्हणतील?"

"लोकं पोरीची हनुवटी बरी करनार हायत का?"

नर्सबाई काय म्हणाल्या?

आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी आधी जखम धुतली. मलम लावले. मग त्या म्हणाल्या, "ही पूड पुन्हा घरात आणू नका. हरताळात सोमल असते. सोमल म्हणजे विष. चुन्याने कातडी भाजते. आणि एवढे सोसून केस वरचाच झडतो. मूळ आत तसेच राहते."

"मग मूळ कसं जायचं, बाई?"

"मावशी, तुमच्या रानात कुंदा आहे का?"

"हाय की! खुरपून खुरपून हात मोडलं. वरनं काढला की पुन्हा उभा."

"का बरे?"

"त्याची मुळी लई खोल जाती. ती निघाय पायजे."

"केसाचेही तसेच आहे," नर्सबाई म्हणाल्या.

नर्सबाईंचे बोलणे खरे आहे. किर्लोस्करवाडीला १९१० साली लोखंडी नांगराचा कारखाना आला. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरता येऊ लागली. तेव्हा कुंद्याच्या मुळाला हात घालता आला. केसाच्या मुळापर्यंत जायला मात्र नांगर चालत नाही. तिथे सुई लागते.

केसाचे मूळ

कातडीत बारीक बारीक खोबणी असतात. एकेका खोबणीतून एकेक केस उगवतो. खोबणीच्या तळाशी केसाचे मूळ असते. त्याला रक्त मिळते. ते जिवंत असते. कातडीच्या वर दिसणारा केस मात्र निर्जीव असतो. म्हणून तो कापला तर दुखत नाही.

वस्तऱ्याने केस वाढतात, दाट होतात, असे पुष्कळ लोक म्हणतात. ते खरे नाही. ज्वारी कापल्यावर खाली सड राहतो. तो हाताला टोचतो. पण त्यामुळे ज्वारीचे ताट जाड झाले, असे कोणी म्हणत नाही. कापलेला केसही तसाच बोथट होतो आणि राठ लागतो. दोऱ्याने किंवा चिमट्याने केस उपटला, तरी मूळ बहुधा जिवंत राहते. थोड्या दिवसांनी केस परत येतो.

विजेची सुई

मूळ मारण्याच्या उपायाला इलेक्ट्रॉलिसिस म्हणतात. तो नवा नाही. डोळ्यांना खुपऱ्या झाल्या, की पुढे पापणीचे केस आत वळतात. ते बुबुळाला घासतात. त्याने माणूस आंधळाही होतो. अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. त्यांनी असे केस विजेच्या सुईने कायमचे काढले आणि १८७५ साली ती माहिती छापली. पुढे हाच उपाय तोंडावरच्या केसांसाठी होऊ लागला.

तो असा करतात. केसाच्या कडेने एक फार बारीक सुई खोबणीत सरकवतात. सुईतून थोडी वीज सोडतात. आपल्या शरीरात खारट पाणी असते. विजेने त्या पाण्यातले मीठ आणि पाणी फुटते. सुईच्या टोकाशी थोडासा दाहक सोडा तयार होतो. साबण करायला हाच सोडा लागतो. तो मुळाला जाळतो. मग चिमट्याने धरताच केस अलगद निघून येतो. दुसऱ्या एका प्रकारात विजेच्या उष्णतेने मूळ मारतात. काही यंत्रांत दोन्ही प्रकार एकत्र असतात.

सातारा जिल्ह्यात कोयना धरण आहे. कोयनेची वीज १९६२ सालापासून मिळू लागली. तसली वीज आज घराघरांत आहे. पण घरातल्या तारेतली वीज माणसाचा जीव घेते. या यंत्रातली वीज फारच थोडी आणि मोजून दिलेली असते. म्हणून हा प्रयोग घरी कधीही करू नये.

घाई करू नका

एका वेळी एकच केस निघतो. शिवाय सगळे केस एकदम उगवत नाहीत. काही वर आलेले असतात. काही आत झोपलेले असतात. म्हणून पुन्हा पुन्हा जावे लागते. कधी वर्ष, तर कधी दीड वर्षही लागते. "एका दिवसात सगळे केस कायमचे घालवतो," असे कोणी म्हणाले, तर तो फसवतो आहे असे समजा.

सुई टोचते. थोडी आगही होते. कातडी काही वेळ लाल राहते. खपली आली तर ती नखाने काढू नये. हात कच्चा असेल तर काळे डाग पडतात, वणही राहतात. सुई प्रत्येकाला नवी हवी. एकाची सुई दुसऱ्याला लावली, तर कावीळ आणि एचआयव्ही यांसारखे रोग लागू शकतात. छातीत पेसमेकर बसवलेला असेल किंवा मधुमेह असेल, तर ते आधीच सांगावे.

लेझर नावाचा उजेडाचा उपायही आहे. त्याने काळे केस पुष्कळ कमी होतात. पांढऱ्या केसावर तो चालत नाही. सुई कोणत्याही रंगाच्या केसावर चालते.

आधी कारण शोधा

नर्सबाईंनी मुलीला जवळ बसवले आणि विचारले, "पोरी, पाळी वेळेवर येते का?"

मुलगी हळूच म्हणाली, "दोन-दोन, तीन-तीन महिने येत न्हाई."

"मग आधी डॉक्टरांना दाखवायला हवे. बायकांच्या पोटात बीजांडकोश असतात. त्यांचे काम बिघडले, की पाळी चुकते, मुरमे येतात, तोंडावर केस वाढतात. हा आजार पुष्कळ बायकांना असतो. त्यावर औषध आहे. तो आजार तसाच ठेवला, तर जुने केस काढावेत आणि नवे उगवावेत, असे होत राहील."

केस एकाएकी वाढले, आवाज घोगरा झाला, तर एक दिवसही थांबू नये. काही घराण्यांत मात्र केस जास्तच असतात. तो आजार नव्हे. शाप नव्हे. अपशकुन तर नव्हेच.

मिरजेला १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आत्या मुलीला एस. टी.ने तिकडे घेऊन गेली. तपासणी झाली. औषध सुरू झाले. डॉक्टरांनी सुईचा उपायही समजावून सांगितला.

परत येताना आत्याने विचारले, "मग सुई लावायची का?"

मुलगी म्हणाली, "आधी औशद पुरं करते. मग माझं मी ठरवीन. पर पाहुण्यांसाठी न्हाई हं, आत्या."

गुरुवारी बाजार होता. मुलगी पिशवी घेऊन निघाली. आई दारात उभी होती. मुलीच्या हनुवटीवर केस होते. तोंडावर पदर नव्हता. आईने तिला हाक मारली. मुलगी थांबली.

"मेथी आन दोन जुड्या," आई म्हणाली.

सांगा पाहू

१. चुना आणि हरताळ तोंडाला का लावू नये?
२. केस उपटला तरी परत का येतो?
३. सुई प्रत्येकाला नवी का हवी?
४. नर्सबाईंनी केसांबद्दल बोलताना पाळीबद्दल का विचारले?
५. आई आधी काय म्हणाली होती? शेवटी काय म्हणाली?