दुखतंय, हे आधी त्यालाच कळतं

हिमोफिलिया असलेल्या मुलाच्या गुडघ्यात रक्तस्राव सुरू झाला की बाहेरून लगेच काही दिसत नाही. आत झिणझिण्या येतात, सांधा जड आणि गरम वाटतो. सूज दिसेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. रक्त गोठायला मदत करणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन द्यायचं ते खरं तर त्याआधीच. म्हणजे पहिली खबर देणारा तुमचा मुलगाच, आणि तो ती देईल की दडवेल हे पुष्कळदा तुमच्या चेहऱ्यावर ठरतं.

"तरी सांगत होते, पळू नकोस!" हे दोन-चारदा ऐकलं की मूल गप्प राहायला शिकतं. रात्रभर पाय आखडून पडून राहतं, सकाळी लंगडतं, विचारलं तर "काही नाही" म्हणतं. ओरडा बसेल याची धास्ती असतेच. त्याहून मोठी धास्ती आई रडेल याची. इकडे त्याच सांध्यात पुन्हापुन्हा रक्त साचत राहिलं, तर तो कायमचा आखडू शकतो. म्हणून आधी एवढंच म्हणा, "बरं झालं सांगितलंस." कुठे पडलास, कुणी ढकललं, ते फॅक्टर दिल्यावर विचारा.

आयांनो, "माझ्यामुळे झालं" हे मनातून काढा. या आजाराचं जनुक बहुधा आईकडून येतं हे खरं, पण जवळजवळ एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. घरात कुणी टोमणा मारला, तर बाबांनी तिथल्या तिथे थांबवावं. आतल्या खोलीतलं मूल सगळं ऐकत असतं आणि भांडणाचं कारण आपणच, असं धरून बसतं.

त्याला घरात कोंडू नका. कबड्डी-कुस्ती नको, पण डॉक्टरांना विचारून पोहू द्या. आज सुई कोणत्या हाताला, हे त्याला ठरवू द्या. रक्तस्रावाची वही त्यालाच लिहू द्या. वर्गशिक्षकांना आजार नीट समजावून सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश आहे, त्यामुळे शाळेशी बोलताना संकोच नको. आणि धाकटी बहीण असेल, तर तिलाही रोज थोडा वेळ द्या. "दादाला बरं नाही" ऐकून तीही कंटाळलेली असते.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा गुडघा दाखवाच, पण त्याची झोप, चिडचिड, शाळेत न जाण्याचे बहाणे, हेही डॉक्टरांना सांगा. गरज वाटली तर समुपदेशकाची वेळ तिथेच मागून घ्या.