चिरंजीव भाच्यास : गीझरमधून काढलेल्या अॅनोड रॉडविषयी

वाघोलीच्या घरातील गीझरमधून अॅनोड रॉड काढून त्या जागी पितळी बूच बसवले आणि तेव्हापासून गरम पाण्याचा वास थांबला, असे वर्तमान ताईकडून कळले. ताईने ते आनंदाने सांगितले, परंतु मामाची झोप त्यानेच उडाली. आणि म्हणून काढलेल्या रॉडच्या जागी लवकरात लवकर दुसरा बसवला जावा, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

अॅनोड रॉड म्हणजे मधोमध पोलादी तार असलेली, बहुधा मॅग्नेशियमची कांडी. साठवणीच्या गीझरची टाकी पुष्कळदा साध्या पोलादाची असते आणि तिला आतून एनॅमलचा, म्हणजे भट्टीत भाजून चढवलेल्या काचेसारख्या पदार्थाचा थर दिलेला असतो. हा थर कितीही चांगला असला तरी सांध्यांपाशी आणि नळ्यांच्या तोंडाशी त्यात बारीक छिद्रे राहतात, तेथे पोलाद उघडे पडते आणि गरम, क्षारयुक्त पाण्यात गंजू लागते. धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची प्रवृत्ती ज्या प्रमाणित विभवाने मोजतात तो मॅग्नेशियमसाठी उणे 2.37 व्होल्ट, लोखंडासाठी उणे 0.44 व्होल्ट आणि तांब्यासाठी अधिक 0.34 व्होल्ट आहे. एकाच पाण्यात बुडालेले दोन धातू एकमेकांना जोडलेले असले, की ज्याचा विभव अधिक ऋण तो विरघळतो आणि दुसरा वाचतो. मॅग्नेशियमची कांडी झिजत राहते तोवर टाकीचे पोलाद टिकते. कांडी काढली की झिजण्याची पाळी पोलादावर येते, आणि तिच्या जागी पितळेचे बूच असेल तर ते अधिकच वाईट, कारण तांबे आणि जस्त यांच्या या मिश्रधातूच्या सान्निध्यात शेजारचे उघडे पोलाद आणखी लवकर गंजते. अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या आणि बारावीला विद्युतरसायनाचे हेच कोष्टक पाठ म्हणून दाखवणाऱ्या मुलाने सर्व्हिसवाल्याच्या एका वाक्यावर विसंबून हे होऊ द्यावे, याचे मामाला फार वाईट वाटले.

त्या वाक्याचाही विचार करणे आवश्यक आहे. सोसायटीने पाणी मऊ करण्याचे यंत्र बसवले आहे, तेव्हा रॉडची गरज उरली नाही, असे त्या गृहस्थांनी सांगितल्याचे कळते. मऊ करण्याच्या यंत्रात पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम काढून घेतले जाऊन त्यांच्या बदली सोडियम येते. त्यामुळे एलिमेंटवर, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलवर, क्षारांचे पुट चढत नाही हे खरे. परंतु विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण त्याने घटत नाही, पाण्यातून वीज पूर्वीइतकीच वाहते, आणि अशा पाण्यात कांडी उलट अधिक वेगाने झिजते. बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या इमारतीत तर ती दरवर्षी उघडून पाहावी, आणि निम्म्याहून अधिक झिजली असेल किंवा आतली तार दिसू लागली असेल तर बदलावी.

वासाची तक्रार मात्र खरी होती. बोअरच्या पाण्यात सल्फेट असते आणि त्यावर जगणारे काही जिवाणू प्राणवायूविना वाढतात. मॅग्नेशियमच्या झिजेतून निघणारा हायड्रोजन त्यांना पोषक ठरतो आणि त्यांच्याकडून हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू तयार होतो. संरक्षणाच्या उपायातून अशी नवी अडचण निघणे हे या शास्त्राच्या जन्मापासूनच घडत आले आहे. 1824 मध्ये हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांवरील तांब्याच्या पत्र्यांना लोखंडाचे व जस्ताचे तुकडे जोडून ते पत्रे समुद्राच्या पाण्यात झिजण्यापासून वाचवले, परंतु तांबे विरघळेनासे होताच त्याचा विषारी परिणामही थांबला, पत्र्यांवर शिंपले व शेवाळ साचून जहाजांची गती मंदावली आणि नौदलाला ती योजना सोडून द्यावी लागली. गीझरच्या बाबतीत योजना सोडण्याचे कारण नाही. थंड पाण्यालाही वास येत असेल तर दोष मूळ पाण्याचा असतो; फक्त गरम पाण्याला येत असेल तर टाकी रिकामी करून क्लोरीनच्या पाण्याने निर्जंतुक करावी, पुन्हा पुन्हा धुवावी आणि मॅग्नेशियमऐवजी अॅल्युमिनियम-जस्ताच्या मिश्रधातूचा रॉड बसवावा, म्हणजे वास बहुधा जातो आणि टाकीचे संरक्षणही राहते. हे त्या वेळी सांगणारे कोणी जवळ नव्हते. घरातली लहानगी त्या पाण्याने अंघोळ करायला तयार नव्हती आणि तिच्यासाठीच चिरंजीवाने घाईने मार्ग काढला, हे ताईच्या बोलण्यातून नंतर उमगले. त्यामुळे वर लिहिलेले रागाचे वाक्य खोडावेसे वाटले, परंतु काळजी त्याच्या आतही असल्याने ते तसेच राहू दिले आहे.

साताऱ्याच्या घरात न्हाणीत तांब्याचा बंब होता आणि त्याला कोणत्याही रॉडची गरज नव्हती, याचे कारण तांब्याच्या वरील आकड्यातच आहे. चिरंजीवाचे आजोबा दिवाळीआधी त्याची राख काढत, चिंचेने तो घासत, आणि तोटी गळू लागली की पुण्याला कसब्यातल्या तांबट आळीत नेऊन नीट करून आणत. तेव्हा मामाचे वय विशीचे होते, मुंबईच्या नोकरीची ओढ होती, आणि आजोबा न्हाणीतून हाक मारून पकड धरायला बोलावत तेव्हा जाणे क्वचितच घडे. सांधा कसा भरतात, पुढच्या वर्षी काय बिघडेल हे भांड्याच्या आवाजावरून कसे ओळखतात, हे त्यांना ठाऊक होते. विचारायचे राहून गेले आणि पुढे विचारायला ते उरले नाहीत. त्याची रुखरुख या वयात अधिक जाणवते, आणि एका कांडीसाठी एवढे लांबलचक पत्र लिहिले जाण्याचे अर्धे कारण तेच असावे.

रॉड बसवताना प्रथम गीझरचा एमसीबी बंद करावा आणि तारांमध्ये वीज नाही याची टेस्टरने खात्री करावी. केवळ बटण बंद करून भागत नाही, कारण तारा उलटसुलट जोडलेल्या असल्या तर बटण बंद असूनही एलिमेंटपर्यंत वीज पोहोचलेली असते. पाणी पूर्ण निवू द्यावे, आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून टाकी रिकामी करावी, आणि खालचे झाकण काढल्यावर तारा सोडण्यापूर्वी त्यांचे छायाचित्र घ्यावे. एलिमेंट ज्या गोल तबकडीवर बसलेले असते ती फ्लँज सोडवली की टाकीच्या तळाचा गाळही काढता येतो. बूच काढून त्या जागी जुन्या रॉडइतक्याच लांबीचा, त्याच आट्यांचा रॉड बसवावा. त्याचा टाकीच्या धातूशी संपर्क झाला नाही तर तो नुसता पाण्यात लोंबकळत राहतो आणि संरक्षण करत नाही. गॅस्केट, म्हणजे फ्लँजखालची रबरी चकती, नवीच घालावी, आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने थोडेथोडे आवळावे. गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत टाकी भरू द्यावी, फ्लँजला कोरडा फडका लावून गळती पाहावी आणि मगच वीज सुरू करावी, कारण रिकाम्या टाकीत एलिमेंट जळते. अर्थिंग त्याच वेळी वायरमनकडून तपासून घ्यावे. 25 लिटरच्या टाकीत पाण्याचेच वजन 25 किलो असते, ती अंघोळ करणाऱ्याच्या डोक्यापेक्षा उंच टांगलेली असते, आणि गंजून गळू लागली तर पाणी प्रथम खालच्या विजेच्या जोडण्यांवर येते. लहानगी तेथेच उभी राहते, हा विचार मनातून जात नाही.

तेव्हा रॉड बसला का, एवढे कळवावे. बसला नसेल तर रागावण्याचे काही उरलेले नाही. झाकण उघडल्यावर आतल्या नावपट्टीचे छायाचित्र पाठवावे, म्हणजे त्याच मापाचा रॉड आणि गॅस्केट घेऊन मामा येत्या रविवारी सकाळच्या एसटीने निघेल. काम चिरंजीवानेच करावे, मामा पाना धरून शेजारी स्टुलावर बसेल, आणि आजोबांविषयी जे थोडे आठवते ते तेव्हा सांगता येईल. जेवणाचा घाट घालू नये असे ताईला सांगावे, पिठले-भात पुरे. लहानगीला कंदी पेढे आवडतात का, तेही विचारून ठेवावे.

कळावे, मामाचे आशीर्वाद.