बांगडा खाल्ला आणि चेहरा लाल झाला

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. मुंबईच्या नातेवाइकांनी येताना बांगडे आणले. दुपारी तळले, आणि जेवून हात धुवेपर्यंत ताईंचा आणि त्यांच्या दिरांचा चेहरा लालबुंद झाला. मानेवर गांधी उठल्या, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधड सुरू झाली. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत सगळं शांत झालं. निघताना सांगण्यात आलं, "माशांची ॲलर्जी आहे, यापुढे मासे बंद." ताईंचं माहेर मालवणचं. खरंच बंद करायचे का, असं त्या विचारतात.

ताई, मला तरी हे ॲलर्जीचं लक्षण वाटत नाही. लहानपणापासून बांगडा पचवलेल्या दोन माणसांना, आणि तीही रक्ताच्या नात्यातली नाहीत, एकाच जेवणात एकदम ॲलर्जी सुरू व्हावी हा योग फार दुर्मीळ. बांगडा, तारली, कुपा, सुरमई यांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा मेल्यावर तो थंड राहिला नाही, तर कल्ल्यांतले आणि आतड्यातले जिवाणू त्या हिस्टिडीनचं हिस्टामीन करतात. ॲलर्जीत आपलं शरीर जे हिस्टामीन सोडतं, तेच इथे माशाबरोबर आयतं पोटात जातं. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीसारखी, आणि गोळ्याही त्याच लागू पडतात. दहा मिनिटांपासून तास-दोन तासांत त्रास सुरू होतो आणि बहुधा दिवसभरात उतरतो. खाताना जिभेला मिरीसारखी चुरचुर लागली होती का, आठवून पाहा. तरीही पुन्हा बांगडा ताटात घेण्याआधी ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून एकदा खात्री करून घ्या, कारण खरी ॲलर्जी असेल तर ती जिवावर बेतू शकते. कारण कुठलंही असो, घसा सुजला किंवा दम लागला तर घरी थांबायचं नाही.

एकदा तयार झालेलं हिस्टामीन कशानेही जात नाही. तळून, उकळून, कुकरच्या चार शिट्ट्या देऊन, कोकमात मुरवून किंवा फ्रीझरमध्ये गोठवूनही नाही. आणि मासा दिसायला, वासाला ठीकठाक असू शकतो. "आम्ही वास घेऊन बघतो हो" असं कुणी सांगितलं की मी मान डोलावतो, पण मनातून धास्तावतो. वासावरून सडलेला मासा कळतो, हिस्टामीन कळत नाही. आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार अशा माशांच्या एकाही नमुन्यात किलोमागे 200 मिलिग्रॅमच्या वर हिस्टामीन चालत नाही. ते मोजायला प्रयोगशाळा लागते, नाक पुरत नाही.

म्हणून उज्जैनकरांचा खरा प्रश्न बर्फाचा आहे. अवंतिका एक्सप्रेसने रातोरात मुंबईहून मासे आणता येतात, पण बंदरावरून बाजारात, बाजारातून घरी, घरून स्टेशनवर या वेळात बांगडा किती तास उघडा राहिला, हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही. उन्हाळ्यात माशाच्या वजनाइतका तरी बर्फ हवा, तोही कुटलेला, थराथरांत घातलेला. थर्माकोलचं खोकं उघडताना आत बर्फाचे खडे शिल्लक दिसले पाहिजेत. नुसतं गुलाबी कोमट पाणी हेलकावत असेल, तर आणणाऱ्याचे आभार मानावेत आणि बांगडा टाकून द्यावा. पाहुण्याला वाईट वाटेल, वाटू दे. मासा घरी आला की लगेच साफ करून 4 अंशांखाली ठेवा. मीठ-हळद लावून ओट्यावर तासन्‌तास मुरवत ठेवू नका. गोठवलेला मासा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळवा, सिंकमध्ये नको.

क्षयरोगाच्या औषधांत आयसोनियाझिड असतं. ते शरीरातलं हिस्टामीन मोडू देत नाही. त्यामुळे चारचौघांना न बाधलेला मासाही या रुग्णाला बाधू शकतो. घरात कुणाचे हे उपचार चालू असतील, तर तेवढे महिने बांगडा-तारली-कुपा नको.

गांधीसागर धरणातले रोहू-कटला खाणाऱ्यांना हिस्टामीनची चिंता फारशी नाही. मात्र रोहूचं कच्चं पित्ताशय औषध म्हणून गिळण्याचा अघोरी प्रकार काही भागांत चालतो. त्याने मूत्रपिंडं बंद पडून डायलिसिसची पाळी येते. मासा खा, पित्त फेका.

आता दुसरं विष. हे बर्फाने टळत नाही, कारण मासा जिवंत असतानाच ते त्याच्या अंगात असतं. हल्ली आपली मंडळी लक्षद्वीप, अंदमान, मालदीव, मॉरिशसला जातात, म्हणून हे सविस्तर सांगतो. प्रवाळाच्या खडकांवर शेवाळासोबत गँबियरडिस्कस नावाचे सूक्ष्म जीव वाढतात. शेवाळ खाणारा छोटा मासा त्यांचं विष अंगात साठवतो, त्याला मोठा मासा खातो, त्याला त्याहून मोठा. वरवर जाताना विष साठत जातं. त्यामुळे प्रवाळातले मोठे शिकारी मासे, म्हणजे तांबोशीच्या कुळातले, हेकरूसारखे आणि बाराकुडा, जास्त धोक्याचे. सगळ्यांत जास्त विष यकृतात, आतड्यात, गाबोळीत आणि डोक्यात. या विषबाधेला सिग्वाटेरा म्हणतात. विषाला रंग, वास, चव काही नाही, आणि शिजवूनही ते मरत नाही.

हे दूरदेशीचं आहे असं समजू नका. ऑक्टोबर 2016 मध्ये मंगळुरूत शंभराहून अधिक माणसं आजारी पडली. निर्यातीसाठी मासे कापणाऱ्या कारखान्यातून उरलेली तांबोशीच्या जातीची डोकी स्वस्तात बाजारात गेली होती. डोक्याचं कालवण म्हणजे किनाऱ्यावरची मेजवानी, त्यामुळे हातोहात खपली. मांसाचे तुकडे परदेशी, विषाचा मोठा वाटा इथल्या गरिबाच्या पातेल्यात, हा हिशेब मला आजही संतापजनक वाटतो.

सिग्वाटेरात आधी उलट्या-जुलाब होतात, बहुधा 24 तासांच्या आत. आपण म्हणतो, बाहेरचं खाणं बाधलं. मग ओठांना, हातापायांना मुंग्या येतात, अंगाला खाज सुटते, दात हलताहेत असं वाटतं. आणि मग ते विचित्र लक्षण: फ्रीजमधली बाटली हातात घेतली की चटका बसल्यासारखं होतं, थंड फरशीवर पाऊल टेकवत नाही. नाडी मंदावू शकते, रक्तदाब उतरू शकतो. जीव सहसा जात नाही, पण मुंग्या, खाज आणि थकवा काही आठवडे, कधी काही महिने पिच्छा सोडत नाहीत. या काळात मद्य किंवा पुन्हा मासे घेतले की त्रास उसळतो. उतारा नाही. सलाइन, मंदावलेल्या नाडीसाठी ॲट्रोपिन, नसांच्या वेदनांवर औषधं, एवढंच हातात. मॅनिटॉलचा पूर्वी बोलबाला होता, पण 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते साध्या सलाइनपेक्षा सरस ठरलं नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण हे विष दुधातून उतरू शकतं.

तेव्हा बेटांवर गेलात तर स्थानिक कोळ्याला विचारून खा, प्रवाळातला थाळीपेक्षा मोठा मासा टाळा, डोकं आणि गाबोळी तर नकोच. आपल्या नेहमीच्या पापलेट-बोंबलाला या यादीत ओढू नका.

तिसऱ्या, कालवं, शिनाणे यांचा प्रकार वेगळा. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचं विष ते गाळून साठवतात. 1997 मध्ये केरळच्या विळिंजममध्ये शिंपले खाऊन 7 जण दगावले. केंड मासा तर कोकणात कुणी चुलीजवळ आणत नाही, तेच बरोबर. 1774 मध्ये न्यू कॅलेडोनियात कॅप्टन कुकने तसल्याच माशाच्या यकृताची आणि गाबोळीची नुसती चव घेतली आणि हातपाय बधिर होऊन बसला. या दोन्हींत ओठ बधिर झाले की श्वासाचे स्नायू कधीही थांबू शकतात. मिनिटं मोजू नका, 108 ला फोन करा आणि व्हेंटिलेटर असलेलं रुग्णालय गाठा.

उज्जैनमध्ये डॉक्टर जुलाबाच्या रुग्णाला पाणीपुरीबद्दल विचारतील, माशाबद्दल सहसा विचारणार नाहीत. समुद्र इथून लांब आहे, त्यांचाही दोष नाही. तुम्हीच सांगा: कोणता मासा, कुठला, कोणता भाग खाल्ला, किती वाजता, सोबत खाणाऱ्यांपैकी कुणाला काय झालं. दिल्लीच्या एम्सच्या विषमाहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 आहे, तुमचे डॉक्टरही तिथे विचारू शकतात. आणि उरलेला तुकडा घाईघाईने मांजराला घालू नका. पिशवीत घालून, वर तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. जिल्ह्याच्या खाद्य सुरक्षा अधिकाऱ्यांना तपासणीसाठी तो लागू शकतो.