वाडा शूटिंगला द्यायचा, पण सह्या कुणाकुणाच्या?

प्रश्न : आमचे घराणे मूळचे तंजावरचे मराठी. वडिलांनी 1958 मध्ये स्वतःच्या कमाईतून मैलापूरला चौकाचे जुने घर विकत घेतले. सागवानी खांब, मधल्या सोप्यातला पितळी साखळ्यांचा झोपाळा, आत्तंगुडीची फरशी, सगळे आम्ही जपले आहे. आता एका चित्रपटाचे लोक दहा दिवसांसाठी घर मागत आहेत. रोजचे 50,000 रुपये देतील, पण निम्मी रक्कम रोख घ्या, असे त्यांच्या मध्यस्थाचे म्हणणे आहे. वडील 2009 मध्ये मृत्युपत्र न करता गेले, आई त्याआधीच गेली. घरात मी आणि धाकटा भाऊ राहतो. बहिणीचे लग्न 1986 मध्ये झाले, ती न्यू जर्सीला असते. भाऊ म्हणतो, तिची सही कशाला हवी? करार माझ्या एकट्याच्या नावाने केला तर चालेल का? कर किती पडेल?
— एक वाचक, मैलापूर, चेन्नई

उत्तर : भाऊंचे म्हणणे कायद्याला धरून नाही. घर वडिलांच्या स्वकष्टार्जित मालकीचे होते आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानुसार तिन्ही मुलांचा वाटा सारखा, प्रत्येकी एक तृतीयांश. मुलीचे लग्न कधी झाले याचा इथे संबंधच येत नाही. 1986 चा मुद्दा निघतो तो वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत. तमिळनाडूने 1989 मध्ये आणि महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना त्यात हक्क दिला तेव्हा आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद मिटवला, आणि ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तुमच्या घरापुरता तर हा वादही उरत नाही. ताई मालक आहेत. त्यांची संमती लेखी घ्या आणि त्यांचा वाटा त्यांच्याच खात्यात जाऊ द्या. दहा दिवसांच्या पैशासाठी भावंडांत कायमची तेढ आलेली मी पाहिली आहे. सुरुवात बहुधा अशीच, एकाच्या सहीने होते.

रोख रकमेला साफ नकार द्या. एकाच व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारली, तर घेतली तेवढीच रक्कम दंड म्हणून भरावी लागू शकते, आणि तो दंड घेणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर बसतो. इथे रोख अडीच लाख होते.

आता कर. एकूण पाच लाख, म्हणजे प्रत्येकी सुमारे 1,66,667 रुपये. महिन्याला 50,000 च्या वर भाडे असल्याने निर्माता तुम्हा दोघा भावांच्या वाट्यातून 10 टक्के टीडीएस कापेल. ताई अनिवासी असतील तर त्यांच्या वाट्यातून 31.2 टक्के, म्हणजे सुमारे 52,000 रुपये कापावे लागतील. भारतात विवरणपत्र भरून जादा कापलेला कर परत मागता येतो.

हे उत्पन्न कोणत्या शीर्षकाखाली दाखवायचे, यावर मात्र नीट विचार करा. घरभाडे म्हणून दाखवले की 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, म्हणून लोक तिकडे वळतात. पण राहत्या घराचे वार्षिक मूल्य शून्य धरण्याची सवलत, घर वर्षातले काही दिवस जरी भाड्याने दिले तरी जाण्याचा धोका असतो. चित्रपटवाले नुसत्या भिंती घेत नाहीत. झोपाळा, कपाटे, तांब्यापितळेची भांडी असे सजलेले घर एकत्रच घेतात. इमारत आणि सामान वेगळे काढता येत नसेल तर ते ‘अन्य स्रोतांतील उत्पन्न’, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1963 च्या सुलतान ब्रदर्स निकालात मांडले. माझ्या मते तुमच्यासाठी हाच मार्ग भक्कम आहे. यात मध्यस्थाची दलाली, साफसफाई, पॉलिश असा प्रत्यक्ष खर्च वजा होतो. पावत्या ठेवा. पुढे वर्षभर शूटिंगलाच घर देऊ लागलात तर तो व्यवसाय ठरू शकेल.

जीएसटीची चिंता नको. तुमची उलाढाल वर्षाला 20 लाखांच्या आत आहे. निर्माता नोंदणीकृत असेल तर 18 टक्के कर त्यानेच सरकारला भरायचा असतो. ‘सर्व करांसह’ हे शब्द मात्र करारात येऊ देऊ नका.

करार भाड्याचा नको, परवान्याचा, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सचा करा. ताबा तुमचाच राहतो हे त्यात लिहा. देवघर आणि एक खोली कुलूपबंद ठेवून ती वगळा. आत्तंगुडीची फरशी हातघडणीची असते. कॅमेऱ्याच्या ट्रॉलीचे रूळ सरळ तिच्यावर टाकले तर टवके उडतात आणि त्याच नक्षीची, त्याच रंगाची जोडी नंतर जुळत नाही. खाली प्लायवूड आणि जाड कापड अंथरायची अट घाला. खांबांना खिळा किंवा चिकटपट्टी लावायची नाही, दिव्यांसाठी वीज त्यांच्या जनरेटर व्हॅनचीच, कारण तुमचे मीटर घरगुती दराचे आहे. आदल्या दिवशी दोन्ही पक्षांनी मिळून प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो काढावेत आणि अनामत रक्कम नुकसानीचा हिशेब पुरा होईपर्यंत तुमच्याकडे राहावी. ‘स्वदेस’ चित्रपटाचे चित्रीकरण झाल्यावर वाईजवळची मेणवली पाहायला लोक जाऊ लागले. तुमच्या दारात तसे नको असेल तर पत्ता जाहीर न करण्याचे कलम टाका.

विम्यात हयगय नको. फेब्रुवारी 2020 मध्ये चेन्नईजवळच्या ईव्हीपी फिल्म सिटीत ‘इंडियन 2’च्या सेटवर क्रेन कोसळून तीन जण दगावले. असा अपघात घरात घडला तर तुमची नेहमीची गृहविमा पॉलिसी व्यावसायिक वापराचे कारण देऊन हात वर करू शकते. निर्मात्याची सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी आणि तिच्यात तुम्हा तिघांची नावे, हे पाहिल्याशिवाय चावी देऊ नका.

आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी, ताईंच्या वतीने करारावर सही करता यावी म्हणून, त्यांच्याकडून न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवा. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.